खाकीतलं वर्ष आणि लग्नाची गाठ: नायजेरियातल्या ‘एनवायएससी’बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नायजेरियात मी सात वर्षं काढली, लागोसच्या पश्चिमेला ओगुन राज्यातल्या आग्बारा औद्योगिक वसाहतीत. आमच्या कारखान्यात दरवर्षी दोन-तीन पोरंपोरी खाकी कपडे घालून वर्षभरासाठी यायची, काम शिकायची, निघून जायची. मग सहा महिन्यांनी त्यांच्यातल्याच कुणाची तरी लग्नाची पत्रिका यायची. सुट्टीत पुण्याला आलो की हा किस्सा सांगायचो आणि लोक तेच तेच प्रश्न विचारायचे. आता तिकडे नोकरीला जाणारी मराठी मुलंही विचारतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

हे एनवायएससी म्हणजे नक्की काय? आपल्या एनएसएससारखंच ना?

नावात साम्य, बाकी फार नाही. आपल्या एनएसएसमध्ये सात दिवसांचं शिबिर, थोडं श्रमदान, रात्री शेकोटी आणि शेवटी प्रमाणपत्र. तिकडे अख्खं वर्ष जातं, आणि तेही सक्तीचं. विद्यापीठातून किंवा पॉलिटेक्निकच्या वरच्या पदविकेतून बाहेर पडताना वय 30 च्या आत असेल तर ‘नॅशनल यूथ सर्व्हिस कोअर’मध्ये जावंच लागतं. आधी तीन आठवड्यांचा लष्करी थाटाचा कॅम्प. मग वर्षभर सरकार धाडेल तिथे काम: शाळेत मास्तरकी, दवाखाना, सरकारी कचेरी, क्वचित आमच्यासारखा कारखाना. आठवड्यातला एक दिवस गावकीच्या कामाला.

योजना सुरू झाली 22 मे 1973 रोजी, जनरल याकुबू गोवोन यांच्या राजवटीत. त्याआधी 1967 ते 1970 बियाफ्राचं यादवी युद्ध होऊन गेलं होतं, म्हणजे आग्नेयेकडच्या इग्बो लोकांच्या मुलखाने त्या नावाने वेगळा देश मागितला म्हणून झालेलं. शिकलेल्या पोरांना आपलं राज्य सोडून दुसऱ्याच लोकांत वर्षभर राहू द्या, म्हणजे पुन्हा एकमेकांच्या जिवावर उठणार नाहीत, असा त्यामागचा हिशोब. दरवर्षी लाखोंच्या संख्येने तरुण यातून जातात. शेवटी मिळणाऱ्या प्रमाणपत्राशिवाय धड नोकरी लागत नाही. 2018 मध्ये तर देशाच्या अर्थमंत्री केमी अडेओसुन यांना याच सेवेतून सूट मिळाल्याचं प्रमाणपत्र बनावट निघाल्यावरून राजीनामा द्यावा लागला.

या पोरांना सगळे ‘कॉर्पर’ म्हणतात. नैऋत्येकडचे योरुबा लोक ‘आगुनबानिरो’ म्हणतात. उत्तरेकडच्या हौसा मुलखात या सेवेला ‘बाउतार कासा’ म्हणतात, म्हणजे देशाची चाकरी.

सरकारला त्यातून लग्नं जुळवायची होती का?

छे. कायद्यात तरुणांमध्ये समान धागे तयार व्हावेत, राष्ट्रीय ऐक्य वाढावं, एकत्र काम करणाऱ्या गटांत देशभरातले लोक असावेत, असं सगळं आहे. लग्नाचं काही नाही. पण बावीस ते अठ्ठावीस वयाची पोरंपोरी घरापासून दूर, हातात थोडा भत्ता, देखरेखीला आई-बाप नाहीत आणि संध्याकाळ मोकळी, असं एकत्र ठेवल्यावर काय होणार हे सांगायला सरकारी अहवाल लागत नाही. गोवोनसाहेबांनाही ते ठाऊक असावं. त्यांचं स्वतःचं लग्न 1969 मध्ये, युद्ध चालू असतानाच, लागोसच्या कॅथेड्रलमध्ये लागलं होतं.

कॅम्पात सैनिक डोक्यावर बसलेले असतात म्हणे. मग प्रेम जमतं कुठे?

रांगेत. कॅम्प म्हणजे रांगाच. नोंदणीची रांग, गणवेशाची रांग, जेवणाची रांग, पाण्याच्या बादलीची रांग.

पहाटे अंधारात बिगुल वाजतो. पांढरा टी-शर्ट, पांढरी हाफपँट, पांढरे कॅनव्हासचे बूट असा सगळा जमाव डोळे चोळत मैदानात उभा. मुलग्यांची आणि मुलींची वसतिगृहं वेगळी, आणि चुकूनही उलटीकडे पाऊल टाकायचं नाही. रात्री दहाला दिवे बंद. मैदानात चालत जाताना दिसलात तर सैनिक ओरडतो, पळत जा म्हणून. नव्या कॉर्परला ‘ओटोंडो’ म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत बावळट नवशिका.

आता गंमत बघा. कोण कुठल्या पलटणीत हे ठरतं कॉर्परला मिळालेल्या राज्य-क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावरून. शेवटी तीन असेल तर तिसरी पलटण. म्हणजे सोकोटोची मुसलमान मुलगी, एनुगूचा इग्बो मुलगा आणि कालाबारचा एफिक, तिघांच्या शेवटी तीन आला की तीन आठवडे एकत्र कवायत, एकत्र नाटक, एकत्र दोरखेच. आपल्याकडे गुण जुळतात छत्तीस, तिकडे एक आकडा पुरतो.

त्यातही खरी जागा म्हणजे स्वयंपाकघर. रोज एका पलटणीची पाळी असते, हजारो लोकांचं जेवण रांधायचं. पाळीच्या दिवशी कवायत चुकते, म्हणून सगळे खूश. ढोपरभर उंचीच्या पातेल्यात भात, आणि तो ढवळायला वल्ह्याएवढा लाकडी पळा. धुराने डोळ्यांतून पाणी येत असताना कांदे कोण चिरणार यावरून भांडण होतं. आमच्या कारखान्यातल्या एका कॉर्पर मुलीने मला सांगितलं होतं, ‘ओगा, पोरगा चांगला की नाही हे परेडमध्ये नाही कळत. पातेलं घासायची वेळ आली की कोण पळतो ते बघायचं.’ (ओगा म्हणजे साहेब. तिकडे मी सगळ्यांचाच ओगा होतो, घरी आल्यावर कुणी विचारत नाही.)

संध्याकाळी ‘मॅमी मार्केट’. छावणीच्या आवारातली टपऱ्यांची गल्ली: सुया म्हणजे मसाला लावून भाजलेलं मांस, अंडं घातलेले नूडल्स, थंड माल्टची बाटली, फोन चार्ज करून देणारा पोऱ्या. पहिल्यांदा कुणी कुणाच्या माल्टचे पैसे दिले यावर अख्ख्या खोलीत चर्चा होते.

मग कॅम्पातलं प्रेम टिकतं का?

बहुतेक वेळा गेटपर्यंत. तीन आठवड्यांनी नेमणुकीची पत्रं वाटतात तो दिवस पाहण्यासारखा असतो म्हणे. एक राज्याच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला, मध्ये पाच तासांचा खड्ड्यांचा रस्ता.

माझ्या पाहण्यातली लग्नं जुळली ती कॅम्पानंतर, नेमणुकीच्या गावात. तिथे कॉर्परला भाषा येत नाही, भाजीवाली लुबाडते, मलेरिया होतो. अशा वेळी शेजारच्या खोलीतला दुसरा कॉर्पर औषध आणून देतो. शिवाय दर महिन्याला हजेरीचा अंगठा द्यावा लागतो, तो दिला नाही तर भत्ता नाही. आमच्या भागातले कॉर्पर त्यासाठी ओटाच्या स्थानिक कार्यालयात जायचे. मशीन बंद, वीज नाही, साहेब आले नाहीत, अशी सकाळपासून दुपारपर्यंत रांग. वर्षातून बारा वेळा त्याच दोन माणसांनी त्याच झाडाखाली चार-चार तास काढले तर ती ओळख कॅम्पापेक्षा पक्की होते.

आणखी एक जागा म्हणजे धर्माच्या संघटना. ख्रिस्ती कॉर्परांची ‘एनसीसीएफ’, कॅथलिकांची ‘एनएसीसी’, मुसलमान कॉर्परांची ‘एमसीएएन’. त्यांची बिऱ्हाडं असतात, नव्या गावात उतरल्यावर आधी तिथेच पथारी पडते. तिथे जमलेल्या जोडप्यांना धर्माचा अडसर उरत नाही, हा मोठा फायदा. अर्थात देशाची सरमिसळ व्हावी म्हणून निघालेल्या वर्षात लोक पुन्हा आपापल्या चर्चात आणि मशिदीतच जोडीदार शोधतात, हेही खरं.

गावातल्या मुलीशी किंवा मुलाशी लग्न करतात का?

करतात. पण कुठे नेमणूक आहे त्यावर बरंच अवलंबून. दक्षिणेतल्या शहरांत फारसं कुणी भुवई उंचावत नाही. उत्तरेतल्या बारा राज्यांत 1999 नंतर शरियत फौजदारी कायद्यात आली. कानोमध्ये नीतिनियम पाहणारी ‘हिस्बा’ आहे. तिथे ख्रिस्ती मुलाने मुसलमान घरातल्या मुलीकडे स्थळ म्हणून जाणं जवळजवळ अशक्य, धर्म बदलल्याशिवाय नाहीच. उलट बाजूने, मुसलमान मुलगा आणि ख्रिस्ती मुलगी, हे तुलनेने घडतं.

आणि एक गोष्ट स्पष्ट: कॉर्पर शिक्षक असेल तर विद्यार्थिनीकडे बघायचं नाही. याला प्रेम म्हणत नाहीत.

कवायत घेणाऱ्या सैनिकांशी जमलं तर?

जमवू नये. मी परत आल्यानंतर डिसेंबर 2022 मध्ये क्वारा राज्यातल्या यिक्पाटा कॅम्पातला एक व्हिडिओ देशभर फिरला. एका कॉर्परने गुडघ्यावर बसून एका महिला सैनिकाला अंगठी पुढे केली, तिने ती घेतली, भोवतालचे नाचू लागले. लष्कराने तिला ताब्यात घेतलं. गणवेशात, कर्तव्यावर असताना, प्रशिक्षणार्थ्याशी असं वागणं शिस्तीत बसत नाही, हे त्यांचं म्हणणं. यावर बायकांच्या संघटना चिडल्या: पुरुष सैनिक कॉर्पर मुलींच्या मागे लागतात तेव्हा शिस्त कुठे जाते? मला दोन्ही बाजू पटतात. पण त्या कॉर्परचं काही बिघडलं नाही आणि भोगायला लागलं ते तिला, एवढं डोक्यात राहिलं.

सेवा चालू असताना लग्न करायला परवानगी आहे का?

आहे. आपल्या अग्निवीरांसारखं नाही. अग्निवीराला भरतीच्या वेळी अविवाहित असावं लागतं आणि चार वर्षं लग्न करता येत नाही. कॉर्पर खुशाल लग्न करू शकतो.

उलट लग्न हे तिथे बदलीचं हुकमी कारण आहे. विवाहित महिलेला नवरा राहतो त्या राज्यात नेमणूक मागता येते. लग्नाचं प्रमाणपत्र, नाव बदलल्याचा पुरावा, नवऱ्याच्या पत्त्याची कागदपत्रं, असं सगळं जोडायचं. त्यामुळे कॉलेज संपता संपता घाईने रजिस्टर लग्न उरकणाऱ्या जोड्या असतात. ज्यांचं कुणाशी काही नाही ते नकली प्रमाणपत्रही बनवून आणतात आणि सापडले की रडतात. पुरुषांना बायकोच्या गावी जाण्यासाठी ही सोय नाही. तब्येत आणि सुरक्षेच्या कारणावरून बदली मागायची सोय मात्र सगळ्यांना आहे. सुरक्षेचं कारण वरवरचं समजू नका. एप्रिल 2011 च्या निवडणुकीनंतरच्या दंगलीत बाउची राज्यात दहा कॉर्परांचा बळी गेला होता, निवडणुकीच्या ड्यूटीवर गेलेली पोरं. तेव्हापासून मुलीला उत्तरेची नेमणूक आली की आई-बाप आधी जावई शोधायला लागतात, असं विनोदाने म्हणतात. पुरता विनोद नाही तो.

‘तुझा जीनोटाइप काय’ हा प्रश्न एवढ्या लवकर का विचारतात?

जीनोटाइप म्हणजे रक्ताचा आनुवंशिक प्रकार, आणि तिकडे तो पत्रिकेपेक्षा मोठा आहे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं जगातलं सर्वांत मोठं ओझं नायजेरियावर आहे. साधारण दर चार माणसांत एकाच्या रक्तात तो दोष वाहक म्हणून असतो, त्याला ‘एएस’ म्हणतात. स्वतःला काही त्रास नाही. पण दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल ‘एसएस’, म्हणजे आजारी जन्मण्याची शक्यता चारात एक. म्हणून अनेक चर्चं तपासणीचा कागद पाहिल्याशिवाय लग्न लावत नाहीत.

आमच्याकडच्या एका कॉर्पर मुलाचं जमता जमता मोडलं ते यावरूनच. दोघेही एएस. त्याने दुसऱ्या प्रयोगशाळेत जाऊन पुन्हा रक्त दिलं, मग तिसऱ्या. तिन्ही कागद त्याच्या टेबलाच्या खणात होते. तिसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा बिलं तपासत बसला होता, मी काही बोललो नाही.

गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारच्या वाचकांना हे नवं वाटणार नाही. आपल्या आदिवासी पट्ट्यात हाच आजार आहे आणि 2023 पासून देशभर त्याची तपासणी मोहीम चालू आहे. फरक इतकाच, की नायजेरियातली पोरं दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत विचारतात आणि आपण साखरपुड्यानंतरही विचारत नाही.

घरचे लोक काय म्हणतात? त्यांच्याकडेही जातपात असते का?

अडीचशेच्या वर भाषिक गट आहेत, नावं ठेवायला साहित्य भरपूर. इग्बो लोक योरुबांना ‘ओफे मानू’ म्हणजे ‘तेलकट रश्शाचे’ म्हणतात. आपण ‘घाटी’, ‘मद्रासी’ म्हणतो त्याच सुरात. योरुबा आयांना वाटतं, मुलाने इग्बो मुलगी केली तर तिच्याकडचे देजाची, म्हणजे मुलाने मुलीकडच्यांना द्यायच्या वस्तूंची, यादी वाचूनच माणसाला म्हातारं करतात.

पण खरी बारीक चौकशी होते ती परक्याची नाही, आपल्यातल्याची. इग्बोंमध्ये ‘ओसू’ नावाचा जन्मावरून ठरणारा वर्ग आहे, पूर्वी देवाला वाहिलेल्या लोकांचे वंशज. 1956 मध्ये तिथल्या प्रांतिक सरकारने कायद्याने ही प्रथा रद्द केली. तरीही लग्न ठरताना मुलाकडचे मुलीच्या मूळ गावी जाऊन गुपचूप विचारपूस करतात. त्यामुळे असंही घडतं की इग्बो मुलाला शेजारच्या गावातली इग्बो मुलगी करू देत नाहीत आणि सेवेच्या वर्षात भेटलेली एडो जमातीची मुलगी चालते, कारण तिच्या खानदानाचं काही ठाऊकच नसतं. आंतरजातीयपेक्षा आंतरराज्य सोपं, हे गणित महाराष्ट्रातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

भत्त्यात लग्न होतं का?

नाही. भत्त्याला लाडाने ‘अलावी’ म्हणतात. 2011 पासून तो 19,800 नायरा होता, 2020 मध्ये 33,000 झाला, आणि 2025 च्या मार्चपासून 77,000 मिळू लागला. आकडा मोठा दिसतो, पण तेव्हाच्या दराने आपल्या रुपयांत चार-साडेचार हजार.

खर्च काय असतो ते सांगतो. आमच्या हिशेब विभागात बेन्वे राज्यातला, तिव जमातीचा एक मुलगा कॉर्पर म्हणून आला होता. ओटाच्या त्या अंगठ्याच्या रांगेत त्याची गाठ पडली इबिबिओ जमातीच्या एका मुलीशी. ती आक्वा इबोम राज्यातली, जवळच्या शाळेत जीवशास्त्र शिकवणारी. दोघांनाही योरुबा येत नव्हतं. बाजारात दोघं मिळून मोडकंतोडकं बोलायची आणि दोघं मिळून फसायची. सेवा संपून वर्षाने गोष्ट घरी गेली. मुलीकडून यादी आली, टाइप केलेली, दोन पानं. तो ती माझ्याकडे घेऊन आला, आगाऊ पगार मागायला (तोवर आम्ही त्याला कायम केलं होतं). पेयांच्या पेट्या, मिठाची पोती, काकांसाठी कापड, आजीसाठी छत्री, बकरा, आणि यॅमचे कंद. यॅम म्हणजे आपल्या कोनफळाचा थोरला भाऊ, एकेक मांडीएवढा.

त्याने फोनवर वडिलांना यादी वाचून दाखवली. छत्रीपर्यंत वडील गप्प होते. यॅमचा आकडा ऐकून हसायलाच लागले. बेन्वे म्हणजे यॅमचं आगर, यांच्या स्वतःच्या शेतात ढीग पडलेला. ‘त्यांना सांग, मागितलेत त्याच्या दुप्पट आणतो, कापड निम्मं करा.’ आणि चक्क तसंच ठरलं.

आमच्या सांगलीच्या मावशीचा प्रश्न: म्हणजे हुंडा मुलाने द्यायचा?

हो मावशी. आपल्याकडेही काही समाजांत देज द्यायची पद्धत होतीच. वाजवी असतं का? यादी बघून ठरवा.

कोर्ट मॅरेज करता येतं का?

येतं. निबंधकाकडे नोटीस द्यायची, ती 21 दिवस लावून ठेवतात, हरकत आली नाही तर प्रमाणपत्र, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न. आपल्या विशेष विवाह कायद्यात तीस दिवस असतात. लागोसच्या इकोयीतलं विवाह कार्यालय यासाठी प्रसिद्ध आहे. पण तिथे सही करून आलेल्यांना घरचे विचारतात, ‘आता लग्न कधी?’ रीतीचं लग्न झाल्याशिवाय ते लग्न धरत नाहीत.

दोन वेगळ्या राज्यांतल्यांचं लग्न झालं की मुलगी कुठली म्हणायची?

हा प्रश्न प्रेमात पडताना कुणी विचारत नाही आणि मग आयुष्यभर पुरतो. तिकडे सरकारी नोकऱ्यांत ‘मूळ राज्य’ फार महत्त्वाचं. 2012 मध्ये न्यायमूर्ती इफेओमा जोम्बो-ओफो यांची अपील न्यायालयावर अबिया राज्याच्या वाट्याच्या जागेवर नेमणूक झाली. शपथविधीच्या दिवशी सरन्यायाधीशांनी त्यांना शपथ द्यायला नकार दिला. कारण? जन्म अनाम्ब्राचा, अबिया हे सासर. बाकीच्यांचा शपथविधी झाला, या बाजूला राहिल्या. सिनेटमध्ये आरडाओरडा झाल्यावर मग त्यांना शपथ दिली. दोन्ही राज्यं इग्बोंचीच, बरं का. आणि शपथ नाकारणाऱ्या सरन्यायाधीशही महिलाच, देशातल्या पहिल्या. एक न्यायमूर्ती बाई असून ही गत, तर कॉर्पर पोरीने सासरच्या राज्यात शिक्षिकेची कायम जागा मागितली की काय होत असेल?

वर्षभर सरकार सांगतं की सगळा देश तुझा. सेवा संपली की तेच सरकार विचारतं, वडिलांचं गाव कुठलं.

आपल्याकडे असं सक्तीचं वर्ष आणावं का?

लग्नं व्हावीत म्हणून? नको. आपल्याकडे सरकारी कॉलेजातल्या डॉक्टरांना बाँडचं वर्ष असतं, मेळघाटात किंवा गडचिरोलीत, आणि तिथे जुळलेली डॉक्टर जोडपी तुम्हीही पाहिली असतील. तेवढं पुरे. सरकारने दोघांना शेजारी बसवलं एवढंच त्याचं काम. रक्त, यादी, मूळ गाव हे सगळं पुढे त्या दोघांनाच निस्तरावं लागतं.

अशा लग्नाचं आमंत्रण आलं तर काय घालायचं?

ठरवायची तुम्हाला मुभा नाही. ‘आसो एबी’ म्हणून एक कापड ठरतं, मुलाकडच्यांचं एक, मुलीकडच्यांचं एक. ते विकत घ्यायचं आणि शिवून यायचं. त्या तिव मुलाच्या लग्नासाठी मला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड आलं, तिव लोकांचं ठेवणीतलं. आग्बाराच्या शिंप्याने माझं माप घेतलं, पोटाकडे बघून दोन इंच जास्त धरले. नाचणाऱ्या नवरा-नवरीवर नोटा उधळण्याची पद्धत दिसेल, पण तुम्ही उधळू नका. 2007 च्या मध्यवर्ती बँकेच्या कायद्याने तो गुन्हा आहे आणि 2024 मध्ये त्यावरून लोक तुरुंगात गेले आहेत. पाकीट द्या. आणि घरी निघताना कुणी यॅम हातात दिला तर नाही म्हणू नका. मला दोन मिळाले होते, डिकीत ठेवले तर गाडी मागून बसली.